मुरलीधरचा अडखळता आवाज

मुरलीधर गेल्याची बातमी आली तेव्हा मी सेलूत, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात, पंगतीला बसलो होतो. मोबाइलवर हार घातलेला फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी हसलो आणि वाढप्याकडून आणखी जिलेबी मागून घेतली. कारण असाच फोटो मागच्या वर्षीही आला होता. परभणीच्या आमच्या कला महाविद्यालयात तो चित्रकला शिकवायचा, मी कलेचा इतिहास. मुलांना खोटे फोटो आणि व्हिडिओ ओळखायला शिकवताना त्यानं त्यांच्याकडून स्वतःच्याच निधनाची बातमी बनवून घेतली होती. “असलं अभद्र कशाला करायलास?” म्हणून मी त्याला झापलं होतं, तर तो पोट धरून हसला होता... या वेळी मात्र तासाभरानं मुरलीच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. “भावजी, तुमी कुठं हायत?” एवढंच त्या बोलल्या. सकाळी अंगणातच त्याला झटका आला होता. तोवर माझं पोटभर जेवण झालं होतं.

मुरली जवळच्या झरी गावचा. लहानपणापासून बोलताना अडखळायचा. स्वतःचं नाव सांगायचं तरी ‘मु’वर थांबून दोनदा श्वास घ्यायचा. शिकत असताना पोटापाण्यासाठी तो गेलेल्या माणसांची चित्रं काढायचा. घरचे मयतीला काढलेला फोटो आणायचे, मिटल्या डोळ्यांचा, आणि म्हणायचे, डोळे उघडे काढा. मग हा अंदाजानं डोळे काढायचा, जन्मात कोट न घातलेल्या माणसाला कोट चढवायचा. वर्गात तो हे सगळं कबूल करायचा. “दोन वर्षांनी एका घरी गेलो, तर लेक म्हणायलाय, आमचे बाबा अगदी असेच बघायचे. अरे, मी त्या माणसाचे उघ... उघडे डोळे कधी बघितलेच न्हाईत! तवापासून मला माझ्या हाताचं लय भ्या वाटायलंय.” डीपफेक हा शब्द आमच्या गावात पोचायच्या कितीतरी आधी त्याला ते दुखणं माहीत होतं.

म्हणूनच त्यानं भांडून भांडून खोटं ओळखायचा तो विषय अभ्यासक्रमात घ्यायला लावला. मुलांना तो तीनच प्रश्न विचारायला शिकवायचा: हे कुणी बनवलं, कशासाठी बनवलं, आणि यातून काय काढून टाकलंय? तिसऱ्या प्रश्नावर त्याचा सगळा भर. एकदा चारठाण्याच्या देवळात मुलांना स्केचिंगला नेलं होतं. ऋतुजा ही त्याची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिनं एका भंगलेल्या मूर्तीचा तुटका हात कागदावर सुरेख पूर्ण केला. मुरली तिच्यावर चिडलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला. “तुटका हाय तर तुटकाच काढ ना पोरी. नीटनेटकं करायची एवढी काय घाई?” ती रडली. परतताना गाडीत त्यानं तिला स्वतःचा डबा खाऊ घातला.

यंदाच्या सुरुवातीला तो विषय बंद झाला. ‘हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपण आपले रंग आणि कागद सांभाळू,’ असं बैठकीत ठरलं. त्या बैठकीत मी होतो. मी तोंड उघडलं नाही. मुरलीनं बोलायला सुरुवात केली, दुसऱ्याच शब्दावर अडकला, आणि तेवढ्यात प्राचार्य पुढच्या विषयाकडे वळले सुद्धा. बाहेर आल्यावर त्यानं मला नेहमीसारखा चहा पाजला, आणि ते मला आजही टोचतं.

आणि ज्यांनी विषय बंद केला, त्याच मंडळींनी शोकसभेत पडदा लावला. पडद्यावर मुरली. ताजी दाढी, इस्त्रीचा सदरा, आणि तोंडातून धबधब्यासारखं मराठी: “मी मुरलीधर, तुमचा सर. मी कुठेही गेलेलो नाही...” अख्खं सभागृह हुंदके देत होतं. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तीन प्रश्न पाठ असलेल्या त्याच्या मुलांपैकी एकानंही एक प्रश्न विचारला नाही. मला संताप आला, पण तो मी कुणावर काढणार? व्हिडिओ ऋतुजानं बनवला होता, जीव ओतून. आणि आवाज मी पुरवला होता. त्याच्या तासाला मीही मागं बसायचो, आणि टिपणं काढायचा कंटाळा म्हणून मोबाइलवर ते तास रेकॉर्ड करायचो. शोकसभेआधी तिनं मागितले, मी सगळे देऊन टाकले. “सर, अडखळलेलं सगळं काढलं,” ती नंतर मला म्हणाली, “त्यान्ला लय त्रास व्हायचा ना त्याचा.” मूळचं बोलणं तिनं ठेवलं नव्हतं. स्वच्छ केलेलं असल्यावर ते कशाला ठेवायचं? माझ्याकडचं तर मी तिला दिल्यावर लगेच पुसलं होतं. मोबाइल भरला होता, आणि मला वाटलं, तिच्याकडे आहेच.

परवा त्याच्या घरी गेलो. चहा पुढं ठेवून वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्यो कॉलेजातला आवाज मला नको. त्यात ते अडतच न्हाईत. तुमच्याकडं त्यांचं खरं बोललेलं हाय म्हणं. तेवढं मला ऐकवा.”

“वहिनी, ते... मी...”

माझं वाक्य तिथंच थांबलं. दुसऱ्या कुणीही पुढचा शब्द सुचवून मला मोकळं केलं असतं. वहिनींनी सुचवला नाही. त्यांनी मान थोडी कलती केली, हात पदरात घेतले आणि थांबून राहिल्या; घाई नाही, चेहऱ्यावर कंटाळा नाही. त्याच्या एकेका शब्दासाठी त्या जन्मभर अशाच थांबल्या असणार. सभागृहात मला कुठंच न दिसलेला मुरली तेवढ्यापुरता त्या खोलीत होता. वहिनी वाट बघत होत्या, आणि मला सांगायचं होतं ते एवढंच, की मी ते पुसून टाकलं.