तूरे हेग्लुंड साक्षीला जातो

तूरे हेग्लुंडला कोणी कंजूष म्हटलेलं मी खपवून घेत नाही. कंजूष माणसाला निदान त्याची लाज तरी असते. तूरेचा तो बाणा आहे. सुंडस्वालच्या टपाल कचेरीत सत्तावीस वर्षं आम्ही शेजारी बसून पत्रं निवडली, आणि निवृत्त झाल्यापासून दर ऑगस्टमध्ये पाठीवर पिशव्या टाकून किनाऱ्यावरच्या लहान लहान शहरांतून हिंडतो. मोठी शहरं तूरेला चालत नाहीत. तिथे मुतायलासुद्धा पैसे पडतात.

त्याचे नियम ठरलेले आहेत. मुक्काम शहराबाहेरच्या झाडीत, तंबूत. आंघोळ बोटींच्या धक्क्यावरच्या न्हाणीत, आपली बोट जरा पलीकडे बांधलीय असा चेहरा करून. कॉफी एकच मागवायची, कारण त्यावर दुसरा कप फुकट मिळतो. पहिला तो पितो, दुसरा मी. आणि सगळ्यात वरचा नियम असा, की ज्या गावात चर्चने ‘या आणि लग्न लावून जा’चा दिवस ठेवला असेल, ते गाव चुकवायचं नाही. त्या दिवशी जोडप्यांनी सरकारी कागद घेऊन यायचं, रांगेत उभं राहायचं आणि पंधरा मिनिटांत नवराबायको होऊन बाहेर पडायचं. बाहेर चर्चतर्फे कॉफी आणि केक. दोन साक्षीदार लागतात आणि पुष्कळांनी ते आणलेले नसतात, हे तूरेने पहिल्याच वर्षी हेरलं. साक्षीदाराला केक नाही म्हणायची कोणाची छाती होणार? चार उन्हाळ्यांत आम्ही एकवीस लग्नं लावून दिली. त्यातली किती टिकली ते विचारू नका. गेल्या वर्षी हर्नेसांदच्या पेपरात एका नवरीचा फोटो आला, तर तिच्या खांद्यामागे हे महाशय, गालफडं भरलेली. आणि हाच माणूस चर्चची सभासद-वर्गणी वाचवायला कधीच तिथून नाव काढून बसलाय. मी हे बोलून दाखवलं तर म्हणे, माझं भांडण वर्गणीशी आहे, केकशी नाही.

हुडिक्सवाल मात्र आम्ही न चुकता चुकवायचो. तिथे त्याचा मुलगा मेल्केर राहतो. चार वर्षांपूर्वी मेल्केरने आपल्या मैत्रिणीच्या, सागाच्या आईवडिलांशी बापाची ओळख करून द्यायला चांगल्या हॉटेलात टेबल घेतलं होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली आणि तूरेने त्यांच्या ताटातले बटाटे आपल्या डब्यात भरले. सागाच्या आईच्या डोळ्यांदेखत. मेल्केर त्याला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, माणसांत वागायला शिकलात की फोन करा. तूरेने फोन केला नाही. त्या बटाट्यांना कोणी काटासुद्धा लावला नव्हता, असं तो मला वर्षातून दहादा सांगतो. पण मेल्केरच्या वाढदिवशी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसतो, हेही मी पाहिलंय.

यंदा जुलैत मला सागाचा फोन आला. आठ ऑगस्टला ती दोघं हुडिक्सवालच्या चर्चमध्ये रांगेत उभी राहणार होती. “बाबांना बोलवू या म्हटलं की मेल्केर विषय बदलतो,” ती म्हणाली. “पण पेपरातला त्यांचा तो केक खातानाचा फोटो त्याने कापून ठेवलाय. तुम्ही काहीतरी करा, एगॉनकाका.”

लग्नाचं सांगितलं असतं तर बोलावणं नाही म्हणून तूरे हटून बसला असता. म्हणून मी त्याला सांगितलं, हुडिक्सवालला यंदा हिरवा बदामाचा केक आहे, तीन थरांचा. हर्नेसांदपासून सुंडस्वालपर्यंत तो बसमध्ये चकार शब्द बोलला नाही. मग विचारलं, मलई खरी असते का. मी हो म्हटलं. त्या गावात जायला त्याला निमित्तच हवं होतं की खरोखर मलईच हवी होती, देव जाणे.

चर्चमध्ये पाच जोडपी होती. तूरेने केसांना पाणी लावलं आणि वेदीजवळच्या बाकावर आम्ही नेहमीसारखे जाऊन बसलो. पहिली तीन लग्नं झाली. चौथ्याला सागा आत आली, निळ्या झग्यात, आणि तिच्या शेजारी मेल्केर.

तूरेचे कान लालबुंद झाले. तो उठायला लागला तशी मी त्याच्या पिशवीचा पट्टा धरला.

“तुला माहीत होतं,” तो दातांतल्या दातांत म्हणाला.

“होतं. बस खाली.”

“मला बोलावलेलं नाही, गाढवा.”

“तुला आजवर कुठल्या लग्नाला बोलावलं होतं?”

पाद्रीबाईंनी साक्षीदार विचारले. सागाने बहिणीला आणलं होतं. दुसरं कोणी आहे का, म्हणून बाईंनी बाकांकडे पाहिलं. एरवी त्यांचं वाक्य संपायच्या आत तूरेचा हात वर जातो. आज दोन्ही हात गुडघ्यांत दाबून तो जमिनीकडे बघत होता. मेल्केर वळला, त्याने बापाला पाहिलं आणि सरळ आमच्या बाकापाशी आला. हा आता आम्हाला बाहेर काढणार, असं मला वाटलं. सगळा खटाटोप माझा, आणि सागाचा दिवस मीच नासवला होता.

“केकसाठी आलात?” मेल्केरने विचारलं.

हो म्हणून सुटता आलं असतं. कोणीतरी हसलं असतं आणि आम्ही मागच्या दाराने निघालो असतो. तूरेने मान वर केली.

“आलो केकसाठीच,” तो म्हणाला. “पण आता केक राहू दे. मला नुसतं बसू दे, मेल्केर. ते बटाट्यांचं माझं चुकलं.”

एवढी वर्षं त्याच्यासोबत घालवली, पण ‘चुकलं’ हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. माझेच डोळे भरून आले, आणि त्याचा मला रागही आला.

मेल्केर बापाच्या शेजारी, बाकाच्या कडेवर टेकला. मागची पाचवी जोडी ताटकळली होती, पाद्रीबाई घड्याळाकडे बघत होत्या.

“आम्ही खरं तर नगरपालिकेत करणार होतो,” तो म्हणाला. “पाच मिनिटांत होतं तिथे. देवाधर्माचं ना सागाला काही, ना मला.”

“मग इथे कशाला आलात?” तूरेने विचारलं.

“तिथे केक देत नाहीत, बाबा.”