गाडीसमोरचा रानपिंगळा

“दशरथ, गाडी कोणी हलवली?”

“मीच.”

“चांगली सावली सोडून उन्हात?”

“इथंच बरी हाय, ताय.”

सर्व्हेचा चौथा दिवस होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. तीन रात्री जंगल तुडवून माझे डोळे चुरचुरत होते आणि गाडीत ठेवलेला रेकॉर्डर उन्हाने तापून हातात धरवत नव्हता. मी दशरथला चांगलंच फैलावर घेतलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. गाडी मात्र तसूभर हलवली नाही.

मी व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ. नवीन पनवेलमधल्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीत वीसेक वर्षं काढली. कुठे रस्ता किंवा वीजवाहिनी टाकायची असली की आधी तिथे काय काय जगतं याचा रिपोर्ट द्यावा लागतो. तो आम्ही करतो. माझं काम झाडं मोजायचं. पक्ष्यांचं बघणारा सहकारी ऐन वेळी दुसरी नोकरी मिळाली म्हणून निघून गेला आणि आमचे बॉस साठे सर म्हणाले, “मॅडम, एकच पक्षी आहे. तुम्हीच बघून घ्या.”

तो एकच पक्षी म्हणजे रानपिंगळा.

पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. खांदा कॉलनीत माझ्या बिल्डिंगमागच्या झाडावरही एक जोडी आहे. मुठीएवढं घुबड, डोक्यावर पांढरे ठिपके. रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊबंद. भाऊबंदासारखाच दिसायला जवळचा आणि नशिबाने वेगळा. फक्त आपल्या देशात, मध्य भारतातल्या मोजक्या सागाच्या जंगलांत तो सापडतो. शंभराहून जास्त वर्षं तो कोणाला दिसलाच नव्हता, सगळ्यांनी त्याला संपला असं समजून सोडून दिलं होतं. मग तो पुन्हा सापडला. पण आजही त्याची गणना संकटात सापडलेल्या पक्ष्यांतच होते.

आमच्या क्लायंटला पनवेलहून दोन-अडीच तासांवर, तानसाच्या बाजूच्या सागाच्या जंगलातून वीजवाहिनी न्यायची होती. त्यासाठी झाडांचा एक लांबलचक पट्टा साफ करायचा होता. त्या भागात रानपिंगळ्याची नोंद आधी झालेली, म्हणून वनखात्याने अट घातली होती की आधी तो इथे आहे का ते बघा. असला तर लाइन दुसरीकडून न्या. नसला तर तोड सुरू करा. म्हणजे सगळं माझ्या सहीवर आलं होतं. मी ‘आढळला नाही’ असं लिहिलं की आठवड्याभरात करवती चालणार होत्या.

आमच्याकडे प्रत्येक सर्व्हेचा एक फॉर्मॅट असतो. कुठल्या तरी जुन्या रिपोर्टमधून उचललेला, आणि त्या जुन्यात त्याहून जुन्यातला. त्यात लिहिलं होतं, ‘घुबडे : तीन रात्री, ठरलेल्या वाटांवर चालत, आवाज वाजवून.’ म्हणजे पक्ष्याची रेकॉर्ड केलेली हाक वाजवायची आणि जंगलातून उत्तर येतंय का ते ऐकायचं. मी तेच केलं. घुबड म्हणजे रात्र, हे आपल्याला बालवाडीपासून ठाऊक असतं. वनरक्षकाला सोबत घेऊन मी तीन रात्री हाक वाजवली. उत्तरादाखल ऐकू आला तो वनरक्षकाचा खोकला. दिवसभर मी पाड्यावरच्या शाळेच्या खोलीत आडवी व्हायचे. दशरथ रात्री गाडीत झोपायचा आणि दिवसा गाडी राखत बसायचा.

दशरथ शिरढोणकडच्या एका गावचा. शेतजमीन गेली, तिच्या पैशातून बोलेरो आली आणि ती तो आमच्या ऑफिसला भाड्याने चालवतो. तो घाटात डगमगत नाही, ओढ्यातून गाडी काढताना डगमगत नाही. असा माणूस एका झाडाच्या सावलीला घाबरतो, हे काही मला पटेना.

“काय आहे तिकडे? साप दिसला का?”

“साप परवडला.”

“मग?”

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्याचं नाव नाय घ्यायचं, ताय. तुमी ज्याला शोधताय ना, तो.”

मी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली.

“तीन दिवस झाले,” दशरथ म्हणाला. “तुमी झोपलात का तो येतो. गाडीसमोरच्या सुक्या फांदीवर बसतो. आनि माज्याकडं बगून वरडतो.”

“दिवसा?”

“भर उन्हात! रातच्याला वरडला तर आपन समजू शकतो. दिवसाढवळ्या वरडतो म्हंजे काय चांगलं लक्षान नाय. म्हनून गाडी हलवली.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“नाव कसं घेऊ? त्याला आपलं नाव कळलं का तो तेच घुमवत बसतो. आनि मानूस झिजत जातो.”

हे मीही लहानपणी ऐकलं होतं. घुबडासमोर कोणाला नावाने हाक मारायची नाही, त्याला दगड मारायचा नाही. मारला तर ते दगड उचलून नेतं आणि झिजवत बसतं, तसा मारणाराही झिजतो. मला हसू आलं. पण ते तोंडातच विरलं. साठे सरांनी या पक्ष्याची माहिती फोनवर पाठवली होती. पहिल्या पानावरचा फोटो मी पाहिला होता. दुसरं पान आत्ता उघडलं. तिथे दुसऱ्याच ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की हे घुबड दिवसा शिकार करतं.

शरमेने माझे कान तापले. पक्षी दिवसभर आमच्या गाडीसमोर बसला होता आणि मी त्याला बॅटरी घेऊन रात्री हुडकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आम्ही निघालो. दशरथ माझ्या दहा पावलं मागे, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत. झाड तेच, फांदी तीच. आणि फांदीवर तो.

डोकं मोठं आणि तपकिरी, जवळजवळ बिनठिपक्यांचं. छातीवर गडद पट्टे आणि खाली पोट पांढरंशुभ्र. शेपटीवर ठसठशीत आडव्या पट्ट्या. ती शेपूट तो एकसारखी डावी-उजवीकडे झटकत होता. नजर जमिनीवर. रानपिंगळ्याला विरळ, मोकळं जंगल लागतं ते यासाठी. फांदीवरून खालची पानं हललेली दिसली पाहिजेत. दाट झुडपात तो उपाशी मरेल. बघता बघता त्याने खाली झेप घेतली आणि पायात सरडा धरून वर आला. त्या इवल्या जिवाच्या मानाने पंजे केवढे दांडगे! सरडा त्याने खाल्ला नाही. तो घेऊन तो उडाला आणि एका जुन्या ऐनाच्या झाडावर उतरला. खोडातल्या भोकातून मादीचं डोकं बाहेर आलं, तिने सरडा चोचीत घेतला आणि आत गेली.

घरटं होतं! मला त्या जंगलात नाचावंसं वाटलं. पन्नाशी उलटली नसती तर नाचलेही असते.

मग माझं लक्ष खोडावर गेलं. पिवळ्या रंगाचा नंबर. माझ्याच हातचा. महिन्याभरापूर्वी झाडं मोजताना मी तो टाकला होता. रजिस्टर काढून नोंद पाहिली : ‘ऐन, पोकळ, निकामी.’ रानपिंगळ्याला स्वतःला भोक पाडता येत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेलं किंवा झाड म्हातारं होऊन पडलेलं, असं आयतं भोक त्याला लागतं. म्हणजे मी ज्यांच्यापुढे ‘निकामी’ लिहीत गेले, तीच त्याची घरं होती. अशी अकरा झाडं माझ्या रजिस्टरमध्ये होती.

पनवेलला परतले ती थेट ऑफिसात. क्लायंटचे मॅनेजर खन्ना समोरच बसले होते.

“मॅडम, सर्व्हे तो हो गया ना?” ते म्हणाले. “तीन रात, कुछ नहीं मिला. बस वही लिख दो.”

साठे सरही चाचरत म्हणाले, “फॉर्मॅटप्रमाणे काम झालंय, मॅडम. ‘रात्रीच्या सर्व्हेत आढळला नाही’ असं लिहिलं तर ते खोटं नाही.”

“नाही,” मी म्हटलं. “ते खरं लिहून केलेली लबाडी आहे. मी सही करणार नाही.”

मी त्या सकाळी फोनवर काढलेला व्हिडिओ लावला. सरडा, भोक, मादीचं डोकं. खन्नांनी तो दोनदा पाहिला. मग विचारलं, “ये पहले देखा किसने?”

“आमच्या ड्रायव्हरने.”

“ड्रायव्हर?” ते हसले. हसू दे. मी सरांकडून आणखी पाच सकाळी मागून घेतल्या. सरांनी दिल्या, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. उजाडल्यापासून अकरापर्यंत मी आणि दशरथ फिरलो. दुसरी जोडी सापडली. तीही माझ्या एका ‘निकामी’ झाडात. वनखात्याचे अधिकारी स्वतः येऊन बघून गेले आणि त्यांनी जुन्या मार्गावर काट मारली. लाइन आता जंगलाबाहेरून, रस्त्याच्या कडेने गेली आहे. खन्नांनी दोन महिने माझा फोन उचलला नाही. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. अकराच्या अकरा झाडं उभी आहेत आणि तो आनंद मी अजून मिरवते.

रिपोर्टमध्ये ‘प्रथम निरीक्षण’ असा एक रकाना असतो. त्यात मी दशरथचं पूर्ण नाव लिहिलं. ते कळल्यावर तो धावतच ऑफिसात आला.

“ताय, खोडा ते! माजं नाव त्याच्या बाजूला लिवलंत?”

“अरे, तो वाचत नाही.”

“वाचत नाय, पन त्याला कळतं.”

“दशरथ, तू नसतास तर त्याचं घर गेलं असतं. तो तुझं नाव घेईल ते चांगल्यासाठीच घेईल.”

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, “असं करा. तुमचं बी लिवा बाजूला. झिजलो तर दोगं झिजू.”

मी लिहिलं. दोघांची नावं आणि मध्ये रानपिंगळा, असा तो रिपोर्ट सरकारदरबारी जमा आहे.

याला तीन वर्षं झाली. दशरथला हल्ली सीटबेल्ट लावताना पोट आत घ्यावं लागतं. माझ्याबद्दल विचारू नका. मी मात्र तेव्हाच एक काम केलं, ऑफिसच्या फॉर्मॅटमध्ये सगळ्यात खाली एक ओळ वाढवली. प्रत्येक सर्व्हेत ती आता भरावीच लागते : ‘ड्रायव्हरला विचारले का? होय / नाही.’