इंदुताईंचं लॉक

नल्लकुंट्यात इंदुताई कंधारकरांचं घर विचारलं की लोक म्हणत, "मराठी पत्रिकावाल्या बाई का?" आधी त्या सुलतान बाजारातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. तो बंद पडला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि घरातच लग्नपत्रिका, पुस्तकं यांची मराठी अक्षरजुळणी सुरू केली. सॉफ्टवेअर कंपनीकडून रीतसर विकत घेतलं. त्याच्यासोबत काडेपेटीएवढं एक लॉक आलं. ते कॉम्प्युटरच्या मागे लावलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं. कुणी नक्कल वापरू नये म्हणून ही सोय.

बाजारात बहुतेकांकडे लॉकशिवाय चालणारी नक्कलच होती. छापखान्यातला जुना सोबती अनिल, त्याच्याकडेही. "चोरीच्या अक्षरांनी लग्नपत्रिका कसल्या छापतोस?" असं ताई त्याला चारचौघांत बोलल्या, तेव्हापासून तो त्यांच्याकडे फिरकला नव्हता.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात विद्यानगरचे वकील भगवंतराव आपल्या आठवणी घेऊन आले. सहस्रचंद्रदर्शनाला पुस्तक वाटायचं होतं. शेवटची प्रकरणं उरली असताना एका दुपारी करंट गेला, झटक्यात परत आला आणि पडद्यावर पाटी उमटली : लॉक सापडत नाही. काढून लावलं, पुसून लावलं. तीच पाटी.

ताईंनी कंपनीला फोन केला.

"मॅडम, लोक लॉक हरवलं म्हणून दुसरं मागतात आणि दोन दुकानं चालवतात," तिकडचा माणूस म्हणाला.

"हरवलं नाही हो. जळलंय. माझ्या हातात आहे."

"पाठवा. तपासून कळवू. महिना धरून चला."

"पण मी पैसे मोजून घेतलंय!"

"सगळे असंच म्हणतात, मॅडम."

फोन ठेवल्यावर ताईंना रडू आलं ते कामापेक्षा या शेवटच्या वाक्याने. लॉक कुरियरला देऊन, फ्लॉप्या पिशवीत घालून त्या थेट अनिलच्या दुकानात गेल्या. उंबऱ्यावरच म्हणाल्या, "मी तुला नको ते बोलले होते. पण आज तुझ्याकडेच काम आहे."

सगळं ऐकून अनिल हसला. "काय की ताई, नकली सोडून असली घेतलं त्यालाच परेशानी! या, बसा." त्याने आपली खुर्ची रिकामी करून दिली.

त्याच नकलेवर ताईंनी पुस्तक पुरं केलं. समारंभात भगवंतरावांनी हातात प्रत येताच आपल्या आईवरचं प्रकरण उघडलं आणि पाहुणे ताटकळले तरी वाचत बसले.

नवीन लॉक त्यानंतर आलं. ताईंनी ते लावलं, पण अनिलकडची नक्कलही कॉम्प्युटरमध्ये घालून घेतली. पुढे कंपनीचा माणूस नवी आवृत्ती विकायला घरी आला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लॉक बिघडलं तर त्याच दिवशी दुसरं द्याल?"

"तशी स्कीम नाही, मॅडम."

ताईंनी त्याला चहा दिला, नवी आवृत्ती घेतली नाही.