थोरलीची चूल

त्या पावसाळ्यात माझे डोळे लाल झाले आणि सगळ्या गल्लीने परस्पर ठरवून टाकले, की थोरली सवतीवर जळते. जळत तर मी होतेच. मला मूल होईना म्हणून ह्यांनी दिंद्रुडची धाकटी करून आणली. तिला मुलगा झाला आणि सासूबाईंचे कौतुक, ह्यांचे अंथरूण, सगळे तिच्या खोलीत गेले. मला उरली चूल. सरकारी गिरदावर शेतसाऱ्याच्या वसुलीला आला की त्याचे जेवण आमच्याच घरून जाई आणि माझ्या भाकरीची तो चारचौघांत तारीफ करी.

पण डोळे लाल झाले होते ते धुराने. जळणाच्या पऱ्हाट्या भिजलेल्या, चूल दिवसभर धुमसायची. मी अवाक्षर काढले नाही. धुराचे नाव काढले असते तर चूलही धाकटीकडे गेली असती. त्यापेक्षा लोक जळकुकडी म्हणेनात का!

तुरटीच्या पाण्याने मी चोरून डोळे धुवायची. पुढे पुढे दिसायलाही धूसर झाले आणि एकदा थापलेली भाकरी तव्याबाहेर पडली. तेव्हा ह्यांनी गाडी जुंपून मला धारूरच्या हकिमाकडे नेले.

हकिमाने पापणी उलटून पाहिली. "धूर हाय हा. गुलाबपाणी देतो, पर चुलीम्होरं बसायचं न्हाई. बसलात तर नजर जाईल."

"जाऊ द्या गेली तर," मी म्हटले.

"येडी का काय तू?" हे ओरडले. "धाकटी करंल की सैपाक."

पहिल्या दिवशी तिची भाकरी करपावी म्हणून मी देवाला साकडे घातले. टम्म फुगली मेली! ह्यांनी आणखी एक मागून घेतली.

गुलाबपाण्याने माझे डोळे निवळून पांढरेशुभ्र झाले. चूल परत मागितली तर सासूबाई म्हणाल्या, "आता कावून? हकीम काय म्हनला, इसरलीस?" गिरदावर येऊन जेवला आणि भाकरीची तीच तारीफ करून गेला. कोणी केली, हे विचारलेसुद्धा नाही.

हिवाळा लागता लागता धाकटी एकदा चुलीपुढून पदराने डोळे पुसत उठली. मी तिची पापणी उलटून पाहिली. लालभडक.

"गुलाबपाणी देऊ का?" मी विचारले.

तिने घाईने माझा हात धरला. "अक्का, कुनाला सांगू नका. चूल जाईल माजी."

मेलीने माझे लाल डोळेसुद्धा नेले होते.