खडूचे आकडे

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका सौरऊर्जा कंपनीने औंधच्या पूर्वेचा माळ तपासायला बोलावलं. पॅनेल बसवण्याआधी तिथे काही जुने अवशेष आहेत का, ते सांगायचं होतं. यांना सोयीचा अहवाल हवा असणार, असं मला पहिल्या फोनपासूनच वाटत होतं.

उतारावर पाच वीरगळ सापडले, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. एकावर गाईंचा कळपही होता. मी मापं घेतली, फोटो काढले, प्रत्येकावर खडूने आकडा घातला. एक धनगर म्हातारी मेंढरं चारत लांबून बघत होती. हाक मारली तर तिने तोंड फिरवलं.

आठवड्याने कंपनीच्या इंजिनिअरला घेऊन गेले, तर दोनच दगड उभे. बाकीच्यांच्या जागी खड्डे.

"मॅडम, पाच होते हे नक्की?" त्याने विचारलं.

मी फोनवरचे फोटो दाखवले. तो गप्प झाला. त्या गप्प बसण्यावरूनच मी ठरवून टाकलं की दगड यानेच हलवलेत, आणि तसं तोंडावर बोललेही.

"या खुणा बघा," तो एवढंच म्हणाला. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा रस्त्याकडे नाही, धनगरांच्या वस्तीकडे गेल्या होत्या.

वस्तीवर तीच म्हातारी वाघरीच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभी राहिली. आत मेंढरांच्या मागे कडब्याखालून दगडाची कड दिसत होती.

"मावशी, दगड का आणले?"

"तुमीच आकडं टाकलं न्हवं? रस्ता रुंद करताना कडंच्या वडांवर बी आसंच टाकल्यालं. पंधरा दिसांत एक झाड ऱ्हायलं न्हाई. उरल्यालं दोन बी आज आणनार हुतो."

"आकडा घातला म्हणजे दगड यादीत येतो. मग त्याला कुणी हात लावत नाही."

"झाडं बी यादीतच हुती."

इंजिनिअरची मी माफी मागितली. "ठीक आहे," तो म्हणाला, पण दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. तरी नकाशा त्यानेच बदलला. पॅनेलच्या रांगा मागे सरकल्या आणि वीरगळांची पट्टी कुंपणाबाहेर राहिली. कुंपणाच्या आत दगड ठेवायला म्हातारी तयारच नव्हती. "किल्ली तुमच्याकडं, मंग आमी पुजतो त्यो देव कुनाचा?" म्हणाली.

हे सगळं तिने कागदावर सहीनिशी मागितलं. कागद आला तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला. तिने नीट ऐकलं, मान हलवली. मग सुनेला बाहेर बोलावलं आणि तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. दोघींचं वाचणं जुळलं, तेव्हा कुठे तिने लेकाला दगड परत न्यायला ट्रॅक्टर काढायला सांगितला.