ताईच्या नावावर गेलेली चूक

त्या सकाळी मी सुमनताईला फोन लावला तो माझ्याच कामासाठी. एका लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना एडिटिंगचं सॉफ्टवेअर दरवेळी एकाच जागी बंद पडत होतं, आणि असं काही झालं की सेनगावहून हिंगोलीला ताईला फोन लावायचा, ही माझी कित्येक वर्षांची सवय. फोन दाजींनी उचलला. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. त्यांना बोलूही न देता मी म्हणालो, "दाजी, ताईला द्या, मशीन पुन्हा रुसलंय." ते म्हणाले, "संतोष, ताई गेली रे. नांदेडला घेऊन चाललो व्हतो, वाटंतच..." फोन ठेवून मी पडद्याकडं बघत बसलो. एररची पाटी तशीच होती. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं ते हेच, की आता हे कोण दुरुस्त करणार.

ताई माझ्या नात्यातली नव्हे; गोरेगावची लेक, हिंगोलीत दिलेली. दाजींचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या शूटिंगचं काम संगणकावर आलं तेव्हा दाजी त्या यंत्राला जरा बिचकूनच असायचे. ताई मात्र समोर खुर्ची ओढून बसली ती बसलीच. पुढं जिल्ह्यातले आम्ही सगळे शूटिंगवाले तिच्या घरची वाट धरू लागलो. पिशवीत हार्ड डिस्क घालून जीपनं जायचं, आणि तिच्या पुढच्या खोलीत पेशंटसारखं रांगेत बसायचं. ती आधी चहा विचारायची, मग "हात काढ माउसवरून" म्हणायची. कारण बिघाड झाला की आम्ही सगळे सारखी बटणं दाबत सुटायचो, आणि होतं ते अजून बिघडवायचो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "काल चालू व्हतं नं? मंग कालपासून आजपस्तोर काय बदललं?" आम्ही म्हणायचो, काहीच नाही, आपोआप बंद पडलं. यावर ती हसायची. "आपोआप फकस्त केस पांढरे व्हतात, बाबा. बाकी समदं कुणीतरी केलेलं असतंय." मग ती टाइमलाइनचा अर्धा भाग बाजूला काढून उरलेला चालवून बघायची. चालला, तर दुखणं दुसऱ्या अर्ध्यात. त्याचं पुन्हा अर्धं. असं करत करत ती त्या एका खराब क्लिपपाशी पोचायची. तोवर चहा थंड झालेला असायचा. दोन कॅमेऱ्यांचं शूटिंग जुळवायची तिची युक्तीही तिचीच होती. आमच्याकडच्या लग्नात ती शेवटचं 'सावधान' धरायची आणि बौद्ध लग्नात, म्हणजे तिच्या घरच्या रीतीच्या लग्नात, सगळे मिळून तीनदा म्हणतात त्यातला तिसरा 'साधु'. "इथं समद्यायचा आवाज एका दमात निघतो," ती म्हणायची, "इथं चुकायची गुंजाइशच न्हाई."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो. अकरा वर्षं झाली. मी नुकतंच दुकान टाकलं होतं, आणि ताईनं तिच्या माहेरचं, गोरेगावचं एक काम मला मिळवून दिलं होतं. मीराचं लग्न. मीराची आई, लक्ष्मीकाकू, ताईच्या लहानपणापासून ओळखीच्या. लग्न झालं, दुकानात येऊन मी कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरूनच क्लिपा सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या आणि मग कार्ड डिस्कवर कॉपी करायला लावलं. मध्येच लाइट गेली. लाइट आल्यावर बघितलं तर फोल्डर दिसत होतं, पहिली क्लिप लावली तर हळद झकास चालली. झालं काम, असं समजून मी कार्ड पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर हट्टा गावचं एक लग्न शूट केलं. नंतर मीराचा प्रोजेक्ट उघडला तर कन्यादान, सप्तपदी, पाठवणी... सगळ्यावर लाल पाटी. मीडिया ऑफलाइन, म्हणजे मूळ फाइलच जागेवर नाही. क्लिपांची नावं यादीत ओळीनं होती, आत काही नव्हतं.

मी ताईला फोन लावला. तिनं नेहमीसारखं एकेक विचारत नेलं. क्लिपा कुठून घेतल्या व्हत्या? कार्डावरून. मंग फोल्डर उघड, शेवटची फाइल कोणती हाय? हळदीची. कार्ड कुठंय? माझ्यापाशीच. "बेस. पुसलेलं काढता येतंय. फकस्त त्याच्यावर पुन्हा काही शूट केलं न्हाई नं?"   मी म्हणालो, "हट्ट्याचं लगीन." वरून पुन्हा शूट झालं म्हणजे जुनं आता निघणार नाही, हे तिला लगेच कळलं. मग म्हणाली, "काकूला मी सांगते. माझ्या कंप्युटरमधून उडालं म्हणून सांगते."

मी नको म्हणालो. पण खरं सांगायचं तर, एकदाच म्हणालो. ती म्हणाली, "माझं माहेर हाय ते. बोलतील, आन् इसरतील. तुझं दुकान आत्ता कुठं उघडलंय, तुला उभंच करणार न्हाईत कुणी." मला सुटल्यासारखं झालं. तिनं पाहुण्यांच्या मोबाइलवरून मिळेल ते गोळा केलं, फोटो जोडले आणि जमलं तसं काहीतरी करून पेनड्राइव्ह काकूंना नेऊन दिला. मला एवढंच म्हणाली, "होईल तेवढं केलं." मीही जास्त विचारलं नाही. वर्षाच्या आत मीराचे वडील गेले. लेकीचं कन्यादान करतानाचा बाप कुठंच उरला नाही, आणि हा घाव गोरेगावनं ताईच्या नावावर लिहिला. माझं दुकान मात्र चाललं. ताई त्यानंतरही माझे फोन उचलत राहिली, तशीच चेष्टा करत राहिली, आणि या विषयावर अवाक्षरही बोलली नाही. मी समजून घेतलं की लोक विसरले. मला सोयीचं होतं ते मी समजून घेतलं.

हिंगोलीला तिचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं, आमच्यापैकी चार-पाच जण उठून बोलले. मीही बोललो. चांगलं बोललो, असं लोक म्हणाले. जेवणाच्या पंगतीत शेजारी गोरेगावचे एक गृहस्थ होते. ते भाताचा घास कालवता कालवता सहज म्हणाले, "बाई गुणाची व्हती. फकस्त लक्ष्मीबाईच्या पोरीचं लगीन तेवढं घालवलं तिनं. गावातून पुन्हा एक काम गेलं न्हाई तिच्याकडं."  अकरा वर्षं... आणि ती माहेरी जायची तेव्हा कुणाच्या दारावरून कशी जात असेल? त्या पंगतीत तोंड उघडायची हिंमत मला झाली नाही. दोन दिवसांनी मी गोरेगावची जीप पकडली.

लक्ष्मीकाकू ओसरीवर तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, लाइट गेल्यापासून कार्ड पुसल्यापर्यंत. त्यांना कार्ड म्हणजे काय ते कळलं नसेल, पण चूक कुणाची ते कळलं. त्यांचा हात सुपातच थांबला.

"मंग सुमननं काहून आपल्या अंगावर घेतलं?"

"माझ्यासाठी, काकू."

"मी लई बोलले रे तिला. मालक गेले तवा दारात आली व्हती ती भेटायला... मी घरात घेतलं न्हाई."

त्या उठून आत गेल्या आणि कपाटातून एक डबी घेऊन आल्या. आत पेनड्राइव्ह होता, चिठ्ठीवर ताईच्या अक्षरात मीराचं नाव. "हे दिलं व्हतं तिनं. लावून सुदिक पायलं न्हाई. कन्यादानच न्हाई म्हणल्यावर कशाला पायचं?"

टीव्ही नातवाच्या कार्टूनवर चालू होता. मी पेनड्राइव्ह लावला. हळद आली, वरातीचे फोटो आले, आणि मग कुणाच्या तरी मोबाइलमधलं हलतं चित्र... मध्ये कुणाचं तरी कोपर, पुढं कुणाचा तरी फेटा, आणि त्यापलीकडं मीराचे वडील. ओंजळीत लेकीचा हात. मिनिटभराचं असेल. मोबाइलच्या चित्रात ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून फाटत जातात, ते जुळवणं किती किचकट असतं ते मला माहीत आहे. दर दोन-चार सेकंदांनी तोडून तिनं ते बसवलं होतं. एक शब्द मागंपुढं नव्हता. वडील खाली वाकले, लेकीला म्हणाले, "रडू नगं बाई, मी येतो नं पंचमीला न्यायला."

काकू टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी होता. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"ती व्हती तवा काहून न्हाई आलास?"

  मी मान खाली घालून उभा राहिलो. 

"लाव पुन्हा," त्या म्हणाल्या. मी पुन्हा लावलं.