केसाळ बटव्याची रास्त किंमत

"आमची मुक्ता इंग्लिश मीडियमची आहे. तिला स्कॉटलंडचं सगळं कळतं."

हे मावशी तळमजल्यावर फ्राउ ब्रेनरना आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगत होती. मी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन जिन्याच्या वळणावर उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. मी सांगलीची. आमच्या शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड व्हायचा (मला कधीच झाला नाही, मी कुठल्याच भाषेत बोलत नसे), एवढाच माझा ब्रिटिश बेटांशी संबंध. चार पायऱ्या उतरून "नाही हो, मला काही कळत नाही" म्हणता आलं असतं. मी भरलेली बादली परत वर घेऊन आले.

माझं हे नेहमीचं आहे. बोलायचं वाक्य मी आधी मनात तयार करते, तपासते, थोडं सौम्य करते. तोवर विषय बदललेला असतो.

त्या वर्षी मी डार्मश्टाटला मास्टर्स करत होते आणि मावशीकडे राहत होते. फ्राउ ब्रेनर आमच्या घरमालकीण, खालीच राहायच्या. त्यांचे यजमान होर्स्ट आठवडाभर बँकेत बसायचे आणि शनिवार-रविवारी स्कॉटिश किल्ट, म्हणजे चौकड्यांचा पुरुषी घागरा, नेसून बॅगपाइपच्या बँडमध्ये वाजवायचे. (जर्मनीत असे बँड पुष्कळ असतात. पहिल्यांदा बघताना दचकायला होतं, मग सवय होते.) ते जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यांच्या दोन जुन्या वस्तू फ्राउ ब्रेनरना ऑनलाइन विकायच्या होत्या. एक, खांद्यावरचं कापड अडकवायचा बशीएवढा चांदीचा ब्रोच, मधोमध मधाच्या रंगाचा खडा. दुसरी, कमरेला पुढे बांधायचा बटवा, कारण किल्टला खिसे नसतात. या बटव्याला गुडघ्यापर्यंत लोंबणारे घोड्याचे पांढरेशुभ्र केस होते.

"अगं, ही तर चवरी," मावशी म्हणाली.

फ्राउ ब्रेनरची अट एकच होती. किंमत रास्त हवी. एक युरो जास्त नको, एक युरो कमी नको, होर्स्टना दोन्हीचा सारखाच राग यायचा. मग रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझ्या मते ती नाही अशी हलवली होती.

पुढचे चार दिवस मी कॉलेजचं काम सोडून हेच केलं. विकणारे मागतात ती किंमत वेगळी, आणि वस्तू खरोखर जाते ती वेगळी, हे पहिल्या दिवशी कळलं. जुन्या ब्रोचच्या पाठीवर कारागिराचा शिक्का असतो, आणि बटव्याचं कातडं आतून कोरडं आणि बिनडागाचं असावं लागतं, हे दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी एका फोरमवरच्या जाणकार आजोबांनी लिहिलेलं सापडलं, की नक्षीच्या खाचांमध्ये साठलेला काळेपणा हाच म्हातारपणाचा पुरावा. तो घासलात तर वस्तू नव्या नकलेसारखी दिसते आणि किंमत गेली. ते मी वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. चौथ्या दिवशी दोन्ही वस्तूंची मिळून किंमत काढली, दोनशे चाळीस युरो.

मावशीला ती पटली नाही. तिने ब्रोच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.

"खड्याचं वजन वजा कर. तुटीचं वजा कर. उरली चांदी. जुन्याला मजुरी कोण देतं?"

"मावशी, जुनं आहे म्हणून तर..."

"जुनं म्हणजे मोड, मुक्ता. सराफाला विचार."

तरी फ्राउ ब्रेनरनी माझाच आकडा जाहिरातीत टाकला, आणि दोन दिवसांत कार्ल्सरूहेच्या एका गृहस्थांनी शनिवारी येतो म्हणून कळवलं. वस्तू फोटोसाठी आमच्याकडे होत्या. त्या शनिवारी सकाळी खाली न्यायच्या, एवढंच काम उरलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी घरी आले तर ओट्यावर चिंचेचं पाणी होतं आणि मावशी जुन्या टूथब्रशने ब्रोच घासत होती. दुसऱ्याची वस्तू अशी काळीकुट्ट परत करायची म्हणजे आपल्या घराची शोभा, असं तिचं म्हणणं. तेव्हा अर्धाच ब्रोच चकाकत होता. उरलेला अर्धा अजून काळा होता, म्हणजे अजून वाचवण्यासारखा होता. मी वाक्य तयार करायला घेतलं. मावशीला वाईट वाटू नये म्हणून सुरुवात बदलली. मग शेवट बदलला. वाक्य चांगलं जमलं तोवर ब्रोच आरशासारखा झाला होता.

मग तिने बटवा उघडला आणि त्यात बेसनाचे लाडू भरायला सुरुवात केली.

"कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये," ती म्हणाली.

भांडं! मी लाडू मोजत राहिले. सात लाडू मावले. साजूक तूप कातड्यात किती लवकर उतरतं, यावर त्या फोरमवर काही लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी अकराला, ठरल्या मिनिटाला, ते गृहस्थ आले. पन्नाशीचे, साधे. बँडमध्ये नवीनच ड्रम वाजवायला लागले होते आणि जुनी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा घेत होते. फ्राउ ब्रेनरनी ब्रोच बघितला आणि गालावर हात ठेवला. लग्नात होर्स्टच्या खांद्यावर असा चमकत होता, म्हणाल्या. मावशीने माझ्याकडे विजयी नजर टाकली. गृहस्थांनी बटवा उघडला, आत बघितलं, एक लाडू काढला आणि प्रश्न न विचारता खाल्ला. मग दुसरा काढला. होर्स्टच्या वस्तू इतक्या जपल्या गेल्यात हे बघून बरं वाटलं, असं म्हणत त्यांनी तुपाचा हात रुमालाला पुसला आणि पाकीट काढलं.

"दोनशे चाळीस. रास्त आहे ना?"

हे त्यांनी फ्राउ ब्रेनरना विचारलं. फ्राउ ब्रेनर माझ्याकडे वळल्या. किंमत मुक्ताने काढली आहे, म्हणाल्या, ती सांगेल तेच.

मावशी ओठ न हलवता, हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाली, "नुसती मान हलव. तेवढं तर तुला येतं."

ते मला खरंच येत होतं. खोलीत सगळे खूश होते, आणि मी काहीच न बोलता सगळे खूशच राहणार होते. मी नेहमीप्रमाणे वाक्य तयार करायला घेतलं, पण गृहस्थ नोटा मोजायला लागले होते. वाक्य न तपासताच बाहेर पडलं, आणि इतक्या मोठ्याने की माझी मीच दचकले.

"काल सकाळी दोनशे चाळीस होती," मी म्हणाले. "आज साठ आहे. मधले एकशेऐंशी मी गप्प बसल्याचे."